आभाळ खाली, समुद्र वर

सुवा, बुधवार

प्रिय नेमानीमामा,

तुम्हाला आणि वासितीमामीला लितियानाचा नमस्कार. खोकला थांबला का? मामीचा तारो यंदा झकास आलाय असं आई म्हणाली (तुम्ही शेतात पाऊल ठेवलं नाहीत म्हणून, असंही म्हणाली). मी ठीक आहे. जेवते, झोपते, फक्त कार्यालयात कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

मामा, गावातल्या मेरेवाईचं लग्न, नवरीकडचं वऱ्हाड शनिवारी तुमच्या होडीतून कोरोहून लेवुकाला न्यायचंय, वारा कसा असेल, असं तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी काय फुगले होते! नुकतंच आमच्या हवामान कार्यालयात संगणकावर अंदाज काढणारं नवं मॉडेल आलं होतं. हवेचे थर जुनं मॉडेल समुद्राकडून मोजायचं, हे नवं आभाळाकडून मोजतं. त्याचा पहिला थर म्हणजे आभाळाचं छप्पर. चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. त्याने बापड्याने (सांगितलेलं ऐकणारं आमच्याकडे तेवढं एकच) जुन्या सूचनेबरहुकूम पहिला थर तळाचा धरला आणि छप्पर उचलून समुद्रावर ठेवलं. सत्तर नॉटचा वारा! मी तुम्हाला चित्र पाठवलं आणि वर फोन करून ओरडले, "मामा, होडी सोडू नका!"

तुम्ही सोडली नाहीत. शनिवार, रविवार समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत. तिकडे नवरदेवाकडच्यांनी भट्टीतलं डुक्कर एकट्यांनी संपवलं, इकडे मेरेवाई रडून रडून सुजली. सोमवारी सकाळी कार्यालयातल्या आमच्या जोपेने चित्र पाहिलं. "लिती, तुमच्या समुद्रावर उणे साठ अंश? मासे काय कुऱ्हाडीने फोडून काढता?"

मी रडतच तुम्हाला फोन केला, आठवतं ना? "मामा, माझं चुकलं."

"ठाऊक आहे गं. ते उणे साठ मी शुक्रवारीच वाचलं."

"मग होडी का नाही सोडलीत?"

"माझी भाची आभाळ वाचते म्हणून गावभर सांगत फिरलो होतो. आता चारचौघांत मीच तुझा शब्द मोडू?"

त्याच दुपारी तुम्ही वऱ्हाड पोचवलंत, संध्याकाळी लग्न लागलं. वादळ निघालंच होतं, गावाच्या प्रार्थनेने वळलं, असं तुम्ही सांगितलंत म्हणे. पाद्रीबाबा भलतेच खूश आहेत. मामा, तुमच्यासारखा माणूस मिळायला पुण्य लागतं.

तुमची लाडकी,
लितियाना

ता.क. आईला यातलं काही सांगू नका.

ता.क. २. आईला सगळं ठाऊक आहे. माझं ते चित्र तुम्ही चौकट करून गावच्या सभागृहात लावलंय, हे तिनेच सांगितलं. खरं तर पत्र त्यासाठीच. मामा, हात जोडते, ते काढा. काढवत नसेल तर निदान उलटं टांगा. अक्षरं डोक्यावर उभी राहतील, पण हवा जागेवर येईल.