थोरल्याचे चित्र वाळेपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा शिवणकाम, हल्लीचा तैलचित्रे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. थोरल्या मुलाला शंका असल्यास त्याने स्वतःचेही तपासून घ्यावे.

१. राहते घर, मागची खोली वगळून, थोरला आणि लेक यांना निम्मे निम्मे. बँकेतली ठेव लेकीला. माझ्या आजारपणात तिने कधी घड्याळ पाहिले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती माझ्याइतकीच हट्टी आहे.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या सुनेला. तिला शिवण येत नाही, हे मला माहीत आहे. मलाही त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत रंगवता येत नव्हते.

३. त्या वर्षी मी रंगांच्या ट्यूबा आणल्या. तैलरंग तेलात कालवायचे एवढेच ऐकून होते, म्हणून स्वयंपाकघरातली तेलाची बरणी घेतली आणि थोरल्याला समोर खुर्चीत बसवून त्याचे चित्र काढले. तो अर्धा तास बसला आणि म्हणाला, "आई, हा मी आहे की भोपळा? या वयात कशाला ही थेरं?"

चित्र महिनाभर वाळेना. तसेच उचलून मी चित्रकारांच्या रविवारच्या बैठकीला नेले. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पाटीवाले ते हुंगून म्हणाले, "बाई, हे तळलंत का?" सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी आपली जवसाच्या तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "हे घ्या. खायचं तेल जन्मात वाळायचं नाही."

निवृत्त नर्सबाईंनी मला काळा रंग न वापरता सावली आणायला शिकवले. चुकले की सुरीने खरवडायच्या आणि म्हणायच्या, "परत." बदल्यात मी सगळ्यांचे कॅनव्हास ताणून दिले. चाळीस वर्षे कापड हाताळले आहे, सुरकुती मला अंधारातही सापडते. मंडळी आता दर रविवारी माझ्या मागच्या खोलीत रंगवतात.

४. गेल्या महिन्यात मी रंगवत असताना थोरल्याने त्याच खोलीची टेपने मापे घेतली. "आई, गाडी बरोबर बसेल इथे."

बसेल. पण बसणार नाही. ती खोली, उत्तरेची खिडकी, ईझल आणि ब्रश मंडळींच्या ताब्यात राहतील. कोणी नवशिका आला, मग तो कितीही वयाचा असो, तर त्याला हसून झाल्यावर जवसाचे तेल द्यावे.

५. थोरल्यावर अन्याय नको. त्याचे ते चित्र वाळले की खोली त्याची, तोवर नाही. चित्र खोलीतच टांगलेले राहील. खरवडून कॅनव्हास वापरा, असे पाटीवाले म्हणाले होते. मी ऐकले नाही. तो माझ्यासमोर अर्धा तास बसला होता, याचा तेवढाच पुरावा माझ्याजवळ आहे.

वाळले का, हे त्याने दरवर्षी स्वतः येऊन अंगठा लावून पाहावे. नाकाला लावू नये, नाक नीट जमले आहे. अंगठा पुसायला टर्पेंटाइन खिडकीत ठेवले आहे, आणि बसायला तीच खुर्ची.

मंडळींना लाभ मिळत असल्याने त्यांच्यापैकी कोणाची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार: १. डॉक्टर, दाखला देणारे. २. शेजारीण, भोपळा म्हटलेले भिंतीपलीकडून ऐकलेली.

ठिकाण: मागची खोली. दिनांक: नऊ फेब्रुवारी, रविवार.

सही: केली आहे. शाईची आहे, वाळली आहे.