घंगाळातली चार कासवं

सेक्टर २, भिलाई
मंगळवार, २४ जुलै १९७९

तीर्थरूप बाबारावमामांना अरुणचा दंडवत.

इकडे आम्ही ठणठणीत आहोत आणि तुमची तारा तर आमच्याहून ठणठणीत. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, नवा चष्माही मिळाला, हे तुमच्या कार्डावरून कळलं. फार आनंद झाला. आता कितपत दिसतं? पेपरातली बारीक अक्षरं लागतात की नुसते मथळे? (हे पत्र स्वतः वाचताय की शेजारच्या नत्थूकडून वाचून घेताय, तेही कळवा.) पोळ्याला ताराला न्यायला येणार म्हणता. जरूर या, पण डोळ्यांना ताण देऊ नका, आम्हाला काहीच घाई नाही.

मामा, मार्चमध्ये दवाखान्यात भरती होण्याआधी तुम्ही ताराला टोपलीत घालून माझ्या हवाली केलंत, तेव्हा मला वाटायचं, कासव म्हणजे कासव. केवढा अडाणी होतो मी! तिच्या पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यावर पिवळी चांदणी आहे, हे मी तिसऱ्या दिवशी पाहिलं आणि मामींनी तिचं नाव तारा का ठेवलं ते मला पहिल्यांदा उमगलं. तेवढ्यात शेजारचे अप्पलस्वामी आले (माझ्याच रेल मिलमध्ये आहेत, मूळचे श्रीकाकुळमचे) आणि म्हणाले, असंच एक त्यांच्याकडेही आहे, पण ते आंध्राचं, त्यामुळे त्याच्या चांदण्या जास्त रेखीव. आता हे मी मुकाट्याने ऐकून घ्यायचं होतं का? आमची भिलाई तुम्हाला ठाऊक आहे. एका लाइनीत तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, आणि प्रत्येकाचं लोणचं, तांदूळ आणि देव आपापल्या गावचे. मग कासवांनीच काय घोडं मारलं आहे? प्रांताप्रांतांच्या चांदण्या वेगळ्या असणारच. ते सिद्ध करायला कुणीतरी पुढे यायला हवं होतं. मी आलो.

पॉवर हाउसच्या बाजारात एका कच्छी लाकूडवाल्याकडे तिसरं कासव निघालं. महिनाभर माझ्या अंगणात ठेवायला दोघेही राजी झाले. (लाकूडवाल्याला तीनदा चहा पाजावा लागला.) मागच्या दारी पपईच्या झाडाखाली मी विटांचं आवार बांधलं आणि त्यात तीन क्वार्टर पाडले, एक आंध्राचा, एक कच्छचा आणि एक चांद्याचा, कारण मामींनी ताराला माहेरून, चांद्याहून आणलेलं. पण अलॉटमेंट कुणी मानेल तर शपथ. सकाळी पाहावं तर तिघंही कपडे धुण्याच्या दगडाखाली एकमेकांना चिकटून झोपलेली. चार दिवस मी त्यांना उचलून उचलून आपापल्या प्रांतात ठेवलं, मग नाद सोडला.

तिघंही एकाच मापाची, म्हणून खुणा करणं आलं. पंधरा वर्षं मी रूळ तपासतोय, आणि खूण केल्याशिवाय कुठलाही माल पुढे सोडायचा नाही, हे माझ्या रक्तात भिनलं आहे. रंगाने पाठीला इजा होईल म्हणून मिलमधला जाड खडू घेतला (बघा, किती काळजी घेतो) आणि पाठीवर आं, क, चां अशी अक्षरं घातली. शिवाय वहीत चांदणीची किरणं मोजून लिहिली: आंध्र आठ, कच्छ अकरा, तारा नऊ. मामा, आकडे निरनिराळे आले तेव्हा मी अंगणात अक्षरशः उडी मारली. अप्पलस्वामींनाही मारायला लावली.

आणि मग चौथं सापडलं! ड्यूटीवरून येताना, खनिजाच्या वाघिणी उभ्या असतात त्या सायडिंगजवळ, रुळाच्या कडेने ते आरामात चाललं होतं. तेही त्याच मापाचं, पण नखशिखांत तांबूस. चांदण्यासुद्धा तांबूस. अशी जात ना आंध्रात, ना कच्छात. मी ते डब्यात घालून घरी आणलं, त्यावर भि हे अक्षर घातलं आणि सगळ्या लाइनीला सांगितलं की भिलाई जातीचा शोध लागला आहे. रविवारी सकाळी दहाला सर्वांना बोलावलं. सुशीलाने पोहे केले.

लोकांसमोर जरा चकाकी यावी म्हणून मी सुशीलाच्या माहेरचं घंगाळ बाहेर काढलं, त्यात कोमट पाणी घेतलं आणि चौघांनाही एकदम आत सोडलं. दोन मिनिटांत पाणी विटेसारखं लाल झालं आणि भिलाई जात नाहीशी झाली. खनिजाची धूळ होती ती. सुशीला एवढंच म्हणाली, “तुमच्या शर्टातून रोज हेच पानी निघते.” लाइन हसली. पोहे मात्र संपले.

असो, शोध म्हटला की असं व्हायचंच. अप्पलस्वामी आपलं कासव उचलून गेले, लाकूडवालाही आपलं घेऊन गेला. चारही कासवं स्वच्छ निघाली आहेत, अगदी स्वच्छ. तारा मजेत आहे.

तुमचा लाडका भाचा,
अरुणकुमार

ता. क. केवळ वही पूर्ण करायची म्हणून विचारतो: ताराच्या अंगावर एखादी खास खूण आहे का? एखादा ओरखडा, तुटकं नख, काहीही. किरणांचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक पाठीवर तेरा चांदण्या आहेत, प्रत्येकीची किरणं वेगळी, आणि मी कुठली मोजली ते लिहायचं राहिलं. उलट टपाली कळवा.

ता. क. २ मामाजी, मी सुशीला. पत्र पाकिटात घालाले यायनं माह्याजवळ देलं म्हणून वाचलं. तारा कोणती, ते यायले समजूनच नाही राहिलं. खडू घंगाळातच धुऊन गेला. दोघायनं आपलं म्हणून एकेक उचललं, आपल्याकडे दोन उरले, आन् त्यात तारा हाये का नाही हे कोणालेच माहीत नाही. दोन दिवसांपासून हे धड जेवले नाही. मामीबाई गेल्यावर घरात तिच्याच चालण्याचा आवाज येते, असं तुम्ही मले सांगितलं होतं, म्हणून लपवणं मले जमलं नाही. पण एक सांगू का? मामीबाई चार वाजता पायरीवर बसून तिले चहात बुडवलेली पोळी द्यायच्या, आता तुम्ही देता. तर पोळ्याच्या सणापरेंत थांबू नका, आत्ताच या. मी ते दोनबी मागून आणते. तुम्ही आमच्या पायरीवर चहा घेऊन बसा. तुम्हाले ते ओळखू नाही आली तरी ते तुम्हाले ओळखीन.

ता. क. ३ सुशीलाने पाकीट चिकटवण्याआधी मला वाचायला दिलं. सगळं खरं आहे, मामा. मला फार लाज वाटते. मामींची म्हणून एवढी एकच तुमच्याजवळ होती, ती तुम्ही विश्वासाने माझ्या हाती दिलीत आणि मी तिच्या पाठीवर खडूने लिहीत बसलो. सुशीलाची पद्धत शास्त्रीय नाही (पोळीच्या वासाने चारही धावून आली तर काय करायचं, याचं उत्तर तिच्याकडे नाही), पण माझ्याकडे तर कुठलीच उरलेली नाही. या, लवकर या, आणि चांगले महिनाभर राहा. आणि येताना नवा चष्मा घरीच विसरलात तरी चालेल.