चिमूटभर साखर

दादा, तुला आणि वहिनीला नायगावहून मालनचा नमस्कार.

मी बरी आहे. हे गेल्यापासून रडू येत नाही, इतकंच. जेवते, झोपते. वहिनीचा गुडघा कसा आहे?

शेजारच्या कालिंदीकाकी रोज वाटीभर आमटी देतात. चव कळत नाही, पण वाटी गरम असते, तेवढं हाताला समजतं. आपल्यात वाटी रिकामी परत करत नाहीत. तरी मी इतके दिवस नुसती धुऊन देत होते. दुसऱ्या दिवशी आमटी यायचीच.

आज धुतलेल्या वाटीत चिमूटभर साखर घातली. काकींनी दारातच ती जिभेवर ठेवली. म्हणाल्या, "गोड आहे गो."

साखर ती, गोडच असणार. तरी घरात येऊन मीही थोडी चाखून बघितली.

तुझी,
मालन