डाव्या हाताची खाच

खजुरी, पौष वद्य पंचमी, १९५२. संध्याकाळ.

आज मल्लप्पा लोहारानं माझा घडीचा चाकू तयार केला. वर्षापासून उजवा अंगठा वाकत न्हाई, म्हणून पातं नखानं ओढायची खाच दुसऱ्या बाजूला, डाव्या हातासाठी, पाड म्हणून बजावलं होतं. पठ्ठ्यानं सवयीनं नेहमीच्याच बाजूला पाडलेली.

"डाव्या हातानं चाकू कोण उघडतंय, गुरुजी? लोक हसतील की."

"हसू देत. मी कविता शिकवायचो तेव्हाही मागचे बाक हसायचेच."

समोर बसून दुसरी खाच पाडून घेतली. कानशीच्या आवाजाला चक्क वृत्त होतं. का मलाच तसं वाटलं? कविता म्हणता म्हणता वर्गात बोरू तासायचो, तेव्हाचा तो अंगठा आठवला. असो. खाच झकास झाली.

घरी पेरू घेऊन बसलो. आमच्या हिनं हात पुढं केला. जुना चाकू रोज हीच उघडून देते. उघडं पातं हातात दिलं की भांडण होतं म्हणे, म्हणून जमिनीवर ठेवते, आणि मी कंबर धरून वाकतो.

"आणा इकडं. कामून उगं खटपट करायलाव?"

मी डावं नख खाचेत घातलं. पातं टक्कन उघडलं. पेरूची पहिली फोड तिच्या हातात ठेवली.

तिनं ती सावकाश खाल्ली, आणि म्हणाली, "बरं झालं. उद्यापास्नं भाजी तुम्हीच चिरा."