पाण्याकडे पाठ

आई, काल लोणावळ्याला गेले होते. तू ज्या चिक्कीच्या कारखान्यात पाक ढवळायचीस, तिथे आता गाड्या लावायला मोकळी जागा केली आहे. फार वाईट वाटलं असं नाही. पण घरी आल्यावर तुला लिहावंसं वाटलं.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. एसटी चुकली की मी आपल्या कुरवंडे गावाहून पळतच कॉलेज गाठायचे, ते खेळाच्या सरांनी पाहिलं आणि ट्रायथलॉनचं नाव काढलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. पोहणं तेवढं मला येत नव्हतं. मामा धरणात बुडून गेला तो माझ्या जन्माआधी, पण त्यानंतर तू आम्हा भावंडांना गावच्या तळ्याजवळही फिरकू दिलं नव्हतंस. सरांनी एका हॉटेलच्या पोहण्याच्या टाकीत शिकायची सोय केली. मी तुला सांगायला कारखान्यात आले. पाक करपेल म्हणून तू ढवळायची थांबली नाहीस. "ज्या पाण्यानं माजा भाऊ नेला, त्यात तू हौसंनं उतरनार व्हय?" एवढंच बोललीस. त्यानंतर कित्येक दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. शर्यत जवळ आली तेव्हा भाकरी थापता थापता म्हणालीस, "मी येनार हाय."

तलाव मावळातलाच. सकाळची वेळ, काठावर माणसांची गर्दी. मी इतरांबरोबर पाण्यात शिरते. अर्ध्यावर गेल्यावर माझ्या पोटरीत गोळा येतो आणि पुढचं काही सुचत नाही. जवळच्या बोटीची कड मी दोन्ही हातांनी धरते. बोटवाला विचारतो, "ताई, वर घेऊ का?" धरून थांबलं तर चालतं, पण वर चढलं की शर्यत संपली. मी हो म्हणणारच असते. तेवढ्यात काठाकडे बघते. सगळी माणसं पाण्याकडे बघताहेत आणि त्यांच्यात तू एकटीच पाण्याकडे पाठ करून उभी आहेस, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. कोणीतरी ओरडतं, "अरे, ती बोटीला धरून थांबलीय." तुला ते ऐकू गेलं असणार. तरी तू वळत नाहीस. मी बोटवाल्याला म्हटलं, नको. पाय चोळला आणि हात सोडले.

बाहेर आले, तुझ्यामागे जाऊन म्हणाले, "आई, आले." तेव्हा तू वळलीस. माझं मनगट धरून पाहिलंस. "किती गार पडलीस गं. आता सायकलच हाय ना? जा मग. तिला न्हाई मी भेत."

त्या दिवशी शर्यत संपवली तेव्हा माझ्या मागे फारसं कोणी नव्हतं. घरी जेवताना तू विचारलंस, "परत हाय का आसलं?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. "मग छत्री घिऊन यीन. पाठीवर लय ऊन लागतं." बोटीचं तू कधी विचारलं नाहीस, मीही काढलं नाही.

कॉलेज संपेपर्यंत तू येत राहिलीस, तशीच उभी राहत राहिलीस. शेवटच्या वर्षी मी तिसरी आले. मला मंचावर बोलावत होते आणि तू खाली उभ्या असलेल्या संयोजकाला विचारत होतीस, "समदी पोरं आली का भाईर?" त्याला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "हो मावशी, सगळी आली." त्यानंतरच तू माझ्याकडे पाहिलंस. पुढे मला नोकरी लागली आणि त्याच वर्षी तू गेलीस. शर्यती सुटल्या. लोकांना मी गुडघ्याचं कारण सांगते, आणि गुडघा खरंच थोडा दुखतो.

यंदा त्याच तलावावरच्या शर्यतीत नाव दिलं आहे. घरी अजून कोणाला सांगितलं नाही. तुझ्या जावयाला कळलं तर तो सोबत येईल, आणि काठावर तुझ्या जागी कोणी उभं राहावं असं मला वाटत नाही. हे पत्र घडी करून ठेवते. टाकायचं तर पत्ता नाही. पाण्याची मला भीती वाटत नाही, आई. बाहेर आल्यावर 'आले' हे कोणाला सांगायचं, तेवढं मात्र कळत नाही.