विल्डाचा मुकुट

५ ऑगस्ट
आमच्या घोडीला, विल्डाला, 'तारा' किताब मिळाला! परीक्षकांनी तिला आधी चालवून पाहिली, मग दुडक्या चालीत पळवली. मान सुरेख, मागचे पाय थोडे आळशी, म्हणाले. वृद्धाश्रमात बाबांना फोन केला. ते म्हणाले, तारा ठीक आहे, मुकुटाचं काय?
मुकुट म्हणजे ताऱ्याच्या वरचा किताब, त्याला नुसतं रूप पुरत नाही. स्वार बसवून काम दाखवावं लागतं. आमच्या तबेल्यात मुकुटवाली घोडी आजवर झाली नाही. बाबांची हयात त्यात गेली.

१९ ऑगस्ट
मुकुटाच्या तयारीसाठी पैसे देऊन आणलेल्या स्वारानेही हात टेकले. घोडी नव्हे, भिंत आहे म्हणाला. माझी कंबर कामातून गेलेली, मला बसता येत नाही. विल्डाला पहिल्यांदा शिकवलं ते रिक्स्टने – माझ्या धाकट्या बहिणीने. बाबांनी तबेला माझ्या एकट्याच्या नावावर केला, तेव्हापासून ती इकडे फिरकलेली नाही. राहते मात्र कालव्यापलीकडच्या गावात.

२० ऑगस्ट
फोन उचलला. ठेवला.

२२ ऑगस्ट
शेवटी रिक्स्टकडे गेलोच. तिने कॉफी दिली, सोबत बिस्किट नाही. मी सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.
"घोडीसाठी येईन, वोब्बे. तुझ्यासाठी नाही."

३० ऑगस्ट
रोज येते. माझ्याशी फक्त खोगिराबद्दल बोलते. विल्डा तिचा आवाज ऐकला की दारापाशी येऊन उभी राहते. मागचे पाय आता जोर लावतात.

१४ सप्टेंबर
मुकुट! परीक्षेत एकदा बिचकली – कुंपणापाशी कुणाची तरी छत्री उघडली. रिक्स्टने लगाम ओढला नाही, उलट सैल सोडला. घोडी दोन पावलांत सावरली. निकाल सांगितला तेव्हा रिक्स्ट विल्डाच्या मानेत तोंड घालून उभी होती. मी जवळ गेलो नाही.

१५ सप्टेंबर
बाबांना भेटलो. आधी रडले. मग विचारलं, कोण बसलं होतं? रिक्स्ट, म्हटलं. ते म्हणाले,
"तबेला तिलाच द्यायला हवा होता."
माझ्या तोंडावर. मग सूप मागितलं. मी भरवलं.
घरी येताना राग आलाच. पण खोटं काय बोलले ते? मला हिशेब जमतो, गोठा-तबेला झाडणं जमतं. घोडं कळत नाही. कधीच कळलं नाही.

१८ सप्टेंबर
रिक्स्टला फोन केला. म्हटलं, तबेला तू घे, कागद करून टाकू. शेण काढायला मी आहेच. मला वाटलं, तिने फोन ठेवला.
मग म्हणाली, "सकाळी दाणा किती वाजता देतोस?"