यादीत नसलेला पत्ता

प्रिय अनिमेष,

मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. या वेळी तुझ्या यंत्रणेने मला कळवलं, की पाठवणारी व्यक्ती अनोळखी असल्यामुळे मेल स्वीकारता येत नाही. आधी तारीख-वेळ लिहायची, राग मागाहून, असं कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं. तारीख लिहून झाली.

घरच्या तक्रारींसाठी तू ते सॉफ्टवेअर बसवलंस, तेव्हा मी कौतुकच केलं. मी मेल करायची, तिला क्रमांक पडायचा, तू पुण्यात आणि रुचा टोरांटोत, दोघं भावंडं तो बघायचात. टाकीचा नळ, क्रमांक अठ्ठावन्न, दोन दिवसांत दुरुस्त. तुझे बाबा असते तर दोन महिने वायसर शोधत बसले असते. मग एकदा मी लिहिलं, की सावेडीतल्या या घरात दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही. त्याला एकाहत्तर क्रमांक पडला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'बंद. कृती आवश्यक नाही.' रुचा म्हणते, ते आपोआप होतं. आपोआप काय काय होतं, ते मला विचार.

आता म्हणे तू सगळं सुरक्षित केलंस. मेल येता-जाता कुलूपबंद, आणि यादीतल्या पत्त्यांखेरीज कोणाला प्रवेश नाही. उत्तम. प्लंबर मच्छिंद्रची मेल मात्र आत जाते. त्यानेच मोबाईल दाखवला, वर म्हणाला, 'बाई, तुमचं काय आसंल तर माझ्यावरून धाडू का?' शेवटी रुचाने फोनवर यादी वाचून दाखवली. माझ्या नावापुढे तू शाळेचा पत्ता घातला आहेस. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली रे. शाळेने तो पत्ता त्याच महिन्यात बंद केला. निरोप समारंभाला तू नव्हतास, पण फोटो पाठवले होते.

परत आलेल्या मेलमध्ये तक्रार नव्हती. फोन केला तेव्हा 'मीटिंगमध्ये आहे, मेल कर' म्हणालास, म्हणून केली. छातीत गाठ आहे. सोमवारी, सोळा तारखेला काढणार आहेत. रुचाला अजून सांगितलेलं नाही. रुग्णालयाच्या अर्जावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. शेजारच्या जयाताई तयार आहेत, पण ती जागा मी कोरी ठेवली आहे. येणार की नाही, ते गुरुवारी, बारा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी कळव. तुझ्या हाताने, कागदावर.

तुझीच,
आई